वेंकूबाईंच्या नावावरचा धंदा

वरुणरावांना मुळातच किळस फार. कापीवर, म्हणजे कॉफीवर, साय आली की वाटीसारखा डबरा दूर सारतील. समोरचा माणूस जिभेला बोट लावून कागद उलटायला लागला की कागद हिसकावून स्वतः उलटतील. बायको अखिला म्हणते, ह्यांचं नाक देवाने मुरडूनच पाठवलंय. पण गेली चार-पाच वर्षं त्यांना जी किळस येत होती ती सायीची नव्हती. ती त्यांच्या धंद्यातून येत होती आणि तिला काही केल्या उतार पडत नव्हता.

धंदा इन्कमटॅक्सचा. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक खोली, एक पंखा, एक कॉम्प्युटर. तीस वर्षं ते लोकांची विवरणपत्रं भरून देतायत. सी.ए.ची परीक्षा दोनदा दिली, दोनदा आपटले, तिसऱ्यांदा बसले नाहीत. तरी आमच्या गावात जो कर भरून देतो तो ऑडिटर, मग तो पास असो की नापास. आधी वरुणराव लोकांना दुरुस्त करायचे, पुढे कंटाळून सोडून दिलं. गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले मास्तर, निवृत्त कारकून, पापनाशमकडचे दोघे-तिघे गिरणीवाले, आणि आपली मराठी मंडळी. मंडळी घरात मराठी बोलतात, पण वाचायला काही दिलं तर तमिळच लागतं. सरळ, कंटाळवाणी माणसं. पगार, व्याज, विम्याचा हप्ता, झालं. वरुणरावांना ती आवडायची.

मग मोबाइलवर हा एफ अँड ओ, म्हणजे फ्यूचर्स अँड ऑप्शन्स, आला आणि सगळी घाण झाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर यात शेअर विकत घ्यायचा नसतो. बाजार वर जाईल की खाली येईल यावर पैसे लावायचे, आठवड्यातल्या ठरल्या वारी निकाल. बरोबर आलं तर दुप्पट-चौपट, चुकलं तर शून्य. नाव मात्र भारदस्त, 'डेरिव्हेटिव्ह'. कायद्याने तो जुगार नाही, धंदा आहे, तोही सट्ट्याचा नव्हे, चांगला सरळमार्गी धंदा. त्यामुळे ज्या मास्तरचं विवरणपत्र दोन पानांत उरकायचं, त्याचं आता धंदेवाल्याचं भलंमोठं विवरणपत्र भरावं लागायचं. लॅबमधला टेक्निशियन यायचा, औषधाच्या दुकानातली मुलगी यायची, वेद म्हणणाऱ्या घनपाठ्यांचा जावई यायचा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच ओशाळं हसू. "थोडंसं करून बघितलं, अण्णा." थोडंसं म्हणजे वर्षाला चार हजार सौदे. पत्रक उघडलं की खाली लाल आकडा. वरुणराव विचारायचे, कुणी सांगितलं होतं? उत्तर नेहमी एकच, मित्राने.

आणि सरकार? सरकारचं नाव काढलं की वरुणरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्यांनीच अभ्यास करून सांगितलं की दहातली नऊ माणसं यात हरतात. ॲप उघडलं की पहिल्यांदा तेच वाक्य समोर यावं असा नियमसुद्धा केला. वा, फार छान. आणि त्या वाक्याच्या खालचं बटण दाबून माणूस आत शिरला की प्रत्येक सौद्यावर कर. जिंकलास तर दे, हरलास तरी दे. मागच्या वर्षी ऑक्टोबरात तो करही वाढवला. नोव्हेंबरपासून एका सौद्याचा किमान आकार दुप्पट-तिप्पट केला, गरिबाने लांब राहावं म्हणून. म्हणे लांब राहावं! "सरकारी दारूच्या दुकानावर 'पिऊ नका' म्हणून पाटी लावायची आणि गल्ल्यावर स्वतः बसायचं, त्यातलाच हा प्रकार," असं वरुणराव ज्याला त्याला ऐकवायचे. झेरॉक्सवाल्याला ते भाषण पाठ झालं होतं.

तर हे असं चाललेलं असताना, गेल्या सप्टेंबरात, विवरणपत्राची मुदत संपायला पाच-सहा दिवस राहिले असतील, तेव्हा वेंकूबाई जिना चढून वर आल्या.

वेंकूबाई शहात्तर वर्षांच्या. त्यांचे यजमान गुरुमूर्तीराव पापनाशमच्या शाळेत हेडमास्तर होते. आदल्या वर्षीच्या एप्रिलात गेले. मूलबाळ नाही. याच गल्लीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात त्या एकट्या राहतात. वरुणरावांना त्या लहानपणापासून ओळखतात, आजही अरे-तुरे करतात. परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाल्यावर सगळ्या गल्लीने त्यांची कीव केली, तेव्हा वेंकूबाईंनी एक अवाक्षर न काढता जेवायला वाढलं होतं. हे वरुणराव विसरलेले नाहीत.

त्यांनी मोबाइल पुढे केला. कसला तरी इंग्रजी मेसेज आलाय, पेन्शनचा असेल, हयातीचा दाखला मागत असतील, बघ जरा, म्हणाल्या. वरुणरावांनी वाचलं. मेसेज आयकर खात्याचा होता. तुमच्या नावावर मोठे व्यवहार दिसतात, मुदतीत विवरणपत्र भरा.

वरुणराव हसलेच. कुटुंबनिवृत्तिवेतन महिना चौदा हजार, तीन मुदतठेवी, यात कसले मोठे व्यवहार? कुणाच्या तरी पॅनची गल्लत झाली असणार म्हणून त्यांनी खात्याच्या साइटवर त्यांचं पान उघडलं. उघडलं आणि हसू मावळलं. एका वर्षात वेंकूबाईंनी काही हजार सौदे केले होते. सगळे ऑप्शन्सचे. त्यातल्या पहिल्याची तारीख मे महिन्यातली, यजमानांना जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाची.

त्यांनी पुन्हा नाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली, बँक पाहिली. गल्लत नव्हती. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं की अक्का, तुम्ही शेअरबिअर घेता का? वेंकूबाईंना हे इतकं गमतीचं वाटलं की त्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेअर कशाला, आपल्याला चेतन आहे ना, बँकेचं सगळं तोच बघतो, म्हणाल्या.

चेतन म्हणजे त्यांचा भाचा, गुरुमूर्तीरावांच्या बहिणीचा मुलगा. वय चाळीसच्या आसपास. ओरत्तनाडूला एका सरकारी कचेरीत नोकरी. बायको हरिता सरकारी शाळेत शिक्षिका. मामाला अग्नी त्यानेच दिला, वर्षश्राद्धही त्यानेच केलं. आपल्यात भाच्याचं काय असतं ते सांगायला नको. त्याला चुकून पाय लागला तर मोठ्या माणसानेसुद्धा नमस्कार करायचा, सणाला त्याला दिलं की ते देवाला पोचलं. भाच्याकडे हिशेब मागणं हे तर वेंकूबाईंच्या लेखी देवाकडे पावती मागण्यासारखं.

वरुणरावांनी विचारलं, चेतन कधी येतो का? येतो कधीमधी, पण फोन मात्र रोज, असं सांगताना वेंकूबाईंचा चेहरा असा उजळला की वरुणरावांनी कॉम्प्युटरकडे मान वळवली. रोज सकाळी नऊ वाजता, पूजा आटोपते न आटोपते तोच चेतनचा फोन. मामी, कशा आहात, झोप लागली का, कापी झाली का. मग मोबाइलवर सहा आकडे येतात, ते त्याला वाचून दाखवायचे. ठेवींना चोर लागू नये म्हणून बँक रोज किल्ली बदलते, असं त्याने समजावलं होतं. आकडे वाचून झाले की पुन्हा दोन शब्द, आणि ठेवतो मामी. दीड वर्षात एक दिवस चुकला नाही. "शनिवार-रविवार सोडून हं," त्या म्हणाल्या. "सुट्टी असते ना त्याला. झोपू दे पोराला."

शनिवार-रविवारी बाजार बंद असतो.

वरुणराव पत्रकातल्या तारखा खाली सरकवत राहिले. वेंकूबाई मात्र रंगात आल्या होत्या. मागच्या दिवाळीला तर नवल झालं, म्हणाल्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टी असूनसुद्धा, संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन. यजमान गेल्यानंतरची पहिली दिवाळी, घरात दिवा सोडून काही केलं नव्हतं. मामी एकटी बसली असेल म्हणून आठवणीने फोन केला त्याने, तेव्हाही आकडे विचारले, बँक दिवाळीलासुद्धा किल्ली बदलते बघ. फोन ठेवल्यावर त्या एकट्याच रडल्या होत्या, पण चांगलं वाटून.

लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर बाजार संध्याकाळी तासभर उघडतात. वरुणरावांना ती तारीख पाठ होती. त्यांनी पत्रकात पाहिलं. त्या तासाभरात वेंकूबाईंच्या नावावर अकरा सौदे झाले होते. खुर्ची मागे सारून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

वेंकूबाईंना त्यांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. बघतो म्हणाले. त्यांना जिना उतरवून आले आणि चेतनला फोन लावला.

चेतन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती, हातात मिठाईचा पुडा. पुडा पाहूनच वरुणरावांना शिसारी आली. त्यांना वाटलं होतं की हा नाकारेल, मग आपण पत्रक तोंडावर फेकू. पण चेतनने नाकारलं नाही. खुर्ची ओढून बसला आणि घरातली अडचण सांगावी तसं सगळं सांगितलं. सरकारी नोकराने सट्टा करू नये असा सेवानियम, स्वतःच्या नावाने करता येत नाही. कचेरीतले बाकीचे बायकोच्या नावावर करतात, पण ह्याची बायकोही सरकारी. म्हणून मामी. मामाच्या तेराव्याला, पंगत उठल्यावर, पेन्शनची कागदं म्हणून सह्या घेतल्या आणि मोबाइल मामीच्या तोंडासमोर धरून खातं उघडून टाकलं. मोबाइल नंबर मामीचाच ठेवला, स्वतःचा लावला असता आणि कचेरीत चौकशी झाली असती तर सापडला असता.

म्हणजे नियम होते. भरपूर होते. सरकारी नोकराने खेळू नये हा नियम होता, म्हणून त्याने म्हातारी शोधली. खात्यात शिरताना दर दिवशी नवे आकडे लागावेत हा नियम होता, म्हणून त्याने म्हातारीला रोज फोन केला. प्रत्येक नियमातून तो मांजरासारखा अंग आकसून पलीकडे गेला होता, आणि प्रत्येक ठिकाणी वेंकूबाईंना पायाखाली घेऊन.

पैसे कुठून आले, हे वरुणरावांनी विचारलं. सहा लाखांची ठेव आधी मोडली. ती ऑक्टोबरपर्यंत अर्धी संपली होती. थांबणारच होतो, असं चेतन म्हणाला. आणि मग तो सरकारवर घसरला. थांबणार होतो, पण कर वाढवला त्यांनी. सौद्याचा आकार तिप्पट केला. उरलेल्या पैशांत धड दोन सौदेही बसेनात. गेलेले भरून काढायचे तर जास्त भांडवल पाहिजे, मग पाच लाखांची दुसरी ठेव मोडावी लागली. दोष कुणाचा, अण्णा? एकीकडे म्हणायचं दहातले नऊ हरतात आणि दुसरीकडे हरणाऱ्याच्याच खिशातून प्रत्येक सौद्याला कर काढायचा. ही काय रीत झाली?

शब्दन् शब्द वरुणरावांचा. तेच भाषण, जे त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्याला शंभरदा ऐकवलं होतं. चूकही नव्हतं त्यात काही, हीच तर पंचाईत. अकरा लाखांतले अडीच लाख नुसते कर आणि शुल्कापायी गेले होते. जिला आयुष्यात कधी एक रुपया आयकर लागला नाही त्या बाईच्या नावावर सरकारने निव्वळ सौद्यांचा कर बहात्तर हजार घेतला होता, तिचं पाच महिन्यांचं पेन्शन. सगळं खरं. पण ते ह्या तोंडून ऐकताना वरुणरावांना स्वतःच्याच शब्दांचा वास यायला लागला. त्या दिवसानंतर ते भाषण त्यांनी कुणाला ऐकवलेलं नाही.

चेतनचं मागणं साधं होतं. मामीच्या नावावर धंदा दाखवून विवरणपत्र भरून टाका. तोट्यावर कर नाही. मुदतीत भरलं तर तोटा पुढे नेता येतो, पुढे नफा झाला की वळता करता येईल. मामीला सांगायची गरज नाही, या वयात उगाच धसका घेतील. त्याने पुडा सोडून पुढे सरकवला. वरुणरावांनी पुडा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, आधी खातं बंद कर. माझ्यासमोर. उरलीसुरली रक्कम मामीच्या बँकेत परत जाऊ दे. नाहीतर मी उद्या तुझ्या कचेरीत येतो. चेतनने त्यांच्याकडे पाहिलं, गंमत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने वेंकूबाईंना फोन लावला. मामी, एक आकडा आलाय बघा, वाचता का? पलीकडून वेंकूबाईंनी आनंदाने आकडे वाचले. संध्याकाळचासुद्धा फोन आला म्हणून त्यांचा स्वर चढला होता. खातं बंद करायचा अर्ज गेला. बेचाळीस हजार उरले होते.

आता पेच वरुणरावांचा होता, आणि तो कुणावर ढकलता येण्यासारखा नव्हता. चेतन म्हणतो तसं भरलं तर ते धडधडीत खोटं. खरं कळवलं तर चेतनची चौकशी, नोकरीही जाऊ शकते, आणि पैसे तर दोन्हीकडून गेलेलेच. अखिलाने विचारल्यावर त्यांनी घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही कोण ठरवणारे? नाव कुणाचं वापरलंय? तिला विचारा की.

मग रविवारी ते वेंकूबाईंकडे गेले. मनात घोकून गेले होते, तरी सांगताना जीभ अडखळत होती. ठेवी मोडल्या गेल्या. जुगारात गेल्या. रोजचे आकडे बँकेची किल्ली नव्हती, त्या जुगाराच्या दाराची होती. एक चार लाखांची ठेव तेवढी शिल्लक आहे. वेंकूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तेराव्याला त्याने मोबाइल तोंडासमोर धरून डोळे मिचकवा म्हणाला होता, ते यासाठीच का? वरुणरावांनी हो म्हटलं. ते पेन्शनसाठी म्हणून मी डोळे पुसून नीट बसले होते, असं त्या म्हणाल्या.

वरुणरावांना वाटलं होतं त्या संतापतील, शाप देतील, निदान रडतील. वेंकूबाईंनी विचारलं की खरं सांगितलं तर पोराची नोकरी जाईल का? चौकशी होईल, जाऊही शकते, असं त्यांनी सांगितलं.

"मग माझ्या नावावर भर."

वरुणराव चिडलेच. अक्का, तो तुम्हाला लुटून बसलाय. वेंकूबाई शांतपणे म्हणाल्या की लुटलं तर लुटलं, ह्यांना पिंड कोण देणार? पुढच्या चैत्रात श्राद्धाला कुणाला बोलावू, तुझ्या सरकारला?

सोमवारी, मुदतीच्या दिवशी, त्यांनी ते विवरणपत्र भरलं. धंदा कोणता या रकान्यात फ्यूचर्स आणि ऑप्शन्स निवडताना त्यांचं बोट थांबलं. या सरकारच्या दप्तरात आता गुरुमूर्ती हेडमास्तरांची विधवा ऑप्शन्सची व्यापारी म्हणून नोंदली जाणार होती, आणि नोंदणारा हात त्यांचा. तीस वर्षांत त्यांनी बारीकसारीक बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा केला होता, पण इतकं उघडं खोटं हे पहिलंच. वेंकूबाई शेजारी बसल्या होत्या. नियमाप्रमाणे कल्पना द्यावी म्हणून त्यांनी सांगितलं की हा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो.

"पुढे म्हणजे कुठे रे?" त्यांनी विचारलं.

वरुणरावांनी बटण दाबलं. हात धुवायला गेले ते पाच मिनिटं नळाखालीच धरून उभे राहिले.

इथे हे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी वेंकूबाई पुन्हा जिना चढून आल्या. चेहरा ओढलेला, वेणी नीट घातलेली नाही. वरुणराव घाबरले, बरं नाही का विचारलं. बरी आहे म्हणाल्या. खुर्चीत बसल्या, पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढून टेबलावर ठेवला. चार लाखांच्या ठेवीची पावती. वरुणरावांना वाटलं, वारसाचं नाव बदलायला आल्या असतील, शहाणपण सुचलं. त्यांनी लगेच पेन घेतलं.

वेंकूबाईंनी मान हलवली. म्हणाल्या की विवरणपत्र भरेपर्यंत नुसती विचारपूस करायला येत होता, पण मंगळवारपासून चेतनचा फोन नाही. नऊ वाजतात, सव्वानऊ वाजतात, मी मोबाइल हातात घेऊन बसते. बुधवारी मीच लावला, त्याने उचलला नाही. काल उचलला, म्हणाला ऑफिसात आहे मामी, नंतर करतो. मग केलाच नाही. रागावला असेल, मी माझ्या नावावर भरूनसुद्धा.

मग त्यांनी पावती बोटाने पुढे सरकवली.

"हे त्याला दे. सांग, पुन्हा सुरू कर म्हणावं. मी विचारणार नाही काही."

वरुणरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. त्यांनी आवाज चढवला, आपण कुणाशी बोलतोय हे विसरले. हे चार लाखसुद्धा जातील, अक्का, सहा महिन्यांत जातील, दहातले नऊ हरतात, सरकार स्वतः सांगतंय! आजारी पडलात तर काय कराल? वेंकूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला अडाणी समजू नकोस, म्हणाल्या. ह्यांची शाळेची पत्रकं मी जुळवायचे. अकरा लाख दीड वर्षात गेले, म्हणजे चार लाख सहा-सात महिने चालतील, हा हिशेब मीही केलाय. सहा-सात महिने खूप झाले.

वरुणरावांनी पेन खाली ठेवलं. किळस इतके दिवस चेतनची होती, सरकारची होती, त्या ॲपवाल्यांची होती. आता ती कुणावर टाकावी तेच समजेना. समोर एक म्हातारी बाई बसली होती आणि रोजच्या दोन वाक्यांची किंमत पुढे करत होती, सगळं समजून-उमजून. शी! माणसाला या थराला आणायचं?

त्यांनी पावती वेंकूबाईंच्या पिशवीत परत घातली आणि म्हणाले, अक्का, फोनच ना? मी करतो. रोज नऊ वाजता, शनिवार-रविवारीसुद्धा.

वेंकूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, रागाने नव्हे, लहान मुलाकडे बघावं तसं.

"तू चांगला आहेस, वरुणा. पण तुला माझ्याकडून काही नको. ज्याला काही नको तो चार दिवसांत विसरतो."

वरुणरावांना ते झोंबलं. ते विसरणाऱ्यांतले नाहीत, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. त्यांनी मोबाइलवर नऊचा गजर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू केला. कशा आहात अक्का, झोप लागली का, कापी झाली का. वेंकूबाई उत्तरं द्यायच्या, पण त्यांना पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही आणि ह्यांनाही नाही. आकडे नव्हते ना मध्ये. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं बोलणं व्हायचं, दुसऱ्यात दोन. नवरात्र झालं, दसरा झाला, फोन चालू होते. मग जीएसटीची अकरा तारीख जवळ आली, गिरणीवाल्यांची बिलं सापडेनात, दोन दिवस जेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. गजर वाजायचा, ते बंद करायचे, काम संपलं की करू म्हणायचे. गुरुवारी राहिला, शुक्रवारी राहिला. शनिवारी पहाटे बिलं भरून झाली आणि ते दिवसभर झोपले, रविवार मुलीच्या सासरी गेला.

सोमवारी सकाळी आंघोळ करताना त्यांना एकदम आठवलं. अंग पुसलं न पुसलं तसे बाहेर आले. नऊला पाच मिनिटं कमी होती. चार दिवस झाले, अक्का काय म्हणतील, काय तोंड दाखवायचं, असं पुटपुटत त्यांनी नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. अलो म्हणणारा आवाज ताजा, चढलेला, दिवाळीच्या संध्याकाळी असेल तसा. वरुणराव घाईघाईने बोलायला लागले, माफ करा अक्का, कामात होतो, जीएसटीचं होतं. वेंकूबाईंनी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही.

"असू दे रे. फोन ठेव आता, लाइन अडकवू नकोस. आकडे सांगायचेत, चेतनचा यायचाय."